उद्यानातले नाटक आणि आपले बंद सभागृह

माझा भाचा न्यूयॉर्कला राहतो. क्वीन्स भागात दोन खोल्यांचे घर, बायको, शाळेत जाणारी मुलगी. २०१९ च्या जूनमध्ये मी त्याच्याकडे गेलो होतो. एके दिवशी पहाटे साडेपाचला त्याने मला उठवले. म्हणाला, "मामू, चला. आज नाटकाच्या रांगेत बसायचंय." मला वाटले तिकिटे स्वस्तात मिळत असतील. तो हसला. "स्वस्त नाही, फुकट. पण वेळ द्यावा लागतो."

सेंट्रल पार्क सकाळी सहाला उघडते. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाबाहेर बरीच माणसे होती. कुणी सतरंजी आणली होती, कुणी घडीची खुर्ची, कुणी थर्मास. आमच्या पुढे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या पस्तीस वर्षे दर उन्हाळ्यात येत असल्याचे सांगत होत्या. मागे कॉलेजची तीन पोरे पत्ते खेळत होती. दुपारी बाराला तिकीटवाटप झाले, माणशी दोन. रात्री आठला आम्ही डेलाकोर्ट थिएटरच्या पायऱ्यांवर होतो. वर उघडे आकाश, रंगमंचामागे तळे आणि त्यापलीकडे दगडी बेल्व्हेडिअर गढी.

नाटक शेक्सपिअरचे 'मच अडू अबाउट नथिंग' होते. सगळे नट कृष्णवर्णीय, आणि कथा इटलीतून उचलून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आणलेली. शेक्सपिअरची जुनी इंग्रजी मला निम्मीच कळली. पण आसपासचे लोक हसत होते, हुंकार देत होते, मधेच नटाला दाद देत होते, आणि ते पाहताना मला आमच्या गावच्या जत्रेतल्या तमाशाची आठवण झाली. अभिजात नाटक म्हणजे शिष्टांचे, इस्त्रीच्या कपड्यांचे प्रकरण, ही माझी समजूत त्या रात्री गेली.

परत आल्यावर मी या महोत्सवाचा इतिहास वाचून काढला. 'शेक्सपिअर इन द पार्क' या नावाने तो जगभर ओळखला जातो. तो वाचताना आमच्या मोहल्ल्यातली एक जुनी गोष्ट मला टोचू लागली. ती पुढे सांगतो. आधी हा इतिहास, कारण आपल्याला त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

महोत्सव उभा करणारा माणूस जोसेफ पॅप. मूळ आडनाव पापिरोफ्स्की. १९२१ साली ब्रुकलिनमध्ये जन्मला, पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात. वडील ट्रंका बनवायचे. घरात यिडिश बोलली जायची. या मुलाला शेक्सपिअर भेटला तो सरकारी शाळेत. शेक्सपिअर त्याच्या घरचा नव्हता, धर्माचा नव्हता, भाषेचाही नव्हता. तरी तो त्याला आपला वाटला, आणि आपल्यासारख्या प्रत्येक पोराला तो फुकट मिळाला पाहिजे, असे त्याने ठरवले. १९५४ मध्ये त्याने एका चर्चच्या सभागृहात काम सुरू केले. १९५६ च्या उन्हाळ्यात ईस्ट नदीकाठच्या खुल्या रंगमंचावर 'ज्युलिअस सीझर' आणि 'द टेमिंग ऑफ द श्रू' ही नाटके मोफत केली. ती वस्ती कष्टकऱ्यांची होती. पुढच्या वर्षी त्याने ट्रकवर रंगमंच बांधला आणि शहराच्या वस्त्यावस्त्यांत नाटक नेले. शेवटी हे बिऱ्हाड सेंट्रल पार्कात येऊन थांबले.

वाट सोपी नव्हती. १९५८ मध्ये अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीने पॅपला बोलावले. इतरांची नावे सांगायला त्याने नकार दिला. सीबीएस दूरचित्रवाणीतली त्याची नोकरी गेली. तो लवादात गेला, लढला आणि नोकरी परत मिळवली.

पुढच्याच वर्षी उद्यानांचा सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस आडवा आला. न्यूयॉर्कचे पूल, महामार्ग आणि उद्याने ज्याच्या शब्दावर उभी राहिली, असा हा बलाढ्य अधिकारी. प्रेक्षकांच्या पायांखाली गवत मरते, जमीन झिजते, त्याच्या दुरुस्तीसाठी तिकीट लावा, असे त्याचे म्हणणे. रक्कम फार नव्हती, एक-दोन डॉलर. दुसरा कुणी असता तर कबूल झाला असता. पॅप झाला नाही. एकदा तिकीट लागले की नाटकाला कोण येणार हे तिकीटच ठरवते, हे तो जाणून होता. प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टात पॅप हरला. वरच्या कोर्टाने मात्र तिकिटाची अट मनमानी आणि अवाजवी ठरवली. नंतर त्याच मोझेसने पार्कात कायमस्वरूपी रंगमंच बांधण्यासाठी पुढाकार घेतला. जॉर्ज डेलाकोर्ट या प्रकाशकाने देणगी दिली आणि १९६२ च्या जूनमध्ये सुमारे अठराशे आसनांचे डेलाकोर्ट थिएटर उघडले. तेव्हापासून पन्नास लाखांहून अधिक माणसांनी तिथे विनामूल्य नाटके पाहिली आहेत.

आता मुख्य मुद्दा. १९६२ मध्ये या थिएटरचे उद्घाटन कोणत्या नाटकाने झाले? 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'ने.

शायलॉक हा सावकार ज्यू आहे. तो कर्जाच्या बदल्यात माणसाच्या देहाचे मांस मागतो. नाटकातले इतर लोक त्याची टिंगल करतात, शेवटी त्याची संपत्ती जाते आणि त्याला धर्मही बदलायला लावला जातो. ज्यूंच्या बदनामीसाठी हे पात्र शतकानुशतके वापरले गेले आहे. हिटलरच्या छळछावण्या बंद होऊन तेव्हा सतराच वर्षे झाली होती. त्या छावण्यांत आईबाप गमावलेली माणसे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चालत होती. आणि एका ज्यू निर्मात्याने सर्वांसाठीच्या रंगमंचाची सुरुवात याच नाटकाने केली. वर त्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपणही होणार होते. न्यूयॉर्कच्या रब्बींच्या मंडळाने जाहीर निषेध केला. हे नाटक घराघरांत गेले तर द्वेषाला खतपाणी मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते.

या निषेधाला मी खोटा म्हणणार नाही. ते दुखणे खरे होते. ज्यांच्यावर एवढा प्रसंग गुदरला, त्यांना शायलॉक पाहून धडकी भरली तर त्यात नवल नाही. पण पॅपचेही म्हणणे ऐकण्यासारखे होते. शायलॉक नुसता खलनायक नाही. आम्हीही माणसेच आहोत, आम्हालाही जखम होते, हे तो ज्या तऱ्हेने मांडतो ते ऐकल्यावर त्याला थुंकणाऱ्यांचीच लाज वाटू लागते. जॉर्ज सी. स्कॉट या नटाने शायलॉक केला. नाटक झाले. प्रक्षेपणही झाले. रब्बींनी आपला निषेध मागे घेतला नाही आणि कुणी त्यांना गप्पही केले नाही. शहराने दोघांचेही ऐकले आणि पाहणाऱ्यांनी स्वतः पाहून ठरवले.

त्याच प्रयोगातली आणखी एक भूमिका आपण लक्षात ठेवावी. पोर्शियाशी लग्न करायला मोरोक्कोचा राजपुत्र येतो. शेक्सपिअरच्या काळातल्या प्रेक्षकाच्या लेखी तो काळा आणि मुसलमान. माझ्या रंगावरून मला नाकारू नकोस, अशी विनंती करत तो रंगमंचावर पाऊल ठेवतो. तो हरून गेल्यावर पोर्शिया त्याच्या रंगावरूनच सुटकेचा निःश्वास टाकते. १९६२ मध्ये ही भूमिका जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या वेळी काळ्या माणसाला गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवायची सोय नव्हती. दोनच वर्षांनी याच रंगमंचावर जोन्स ऑथेल्लो झाले आणि १९७३ मध्ये राजा लिअर. दोन प्रवेशांपुरत्या, अपमान सोसून निघून जाणाऱ्या राजपुत्रापासून नाटकाच्या मध्यावर उभ्या राजापर्यंतचा हा प्रवास आहे. मोरोक्कोचा राजपुत्र अपमानास्पद आहे म्हणून ते नाटकच बंद पाडले असते, तर तो सुरू कुठून झाला असता?

आता आमच्या मोहल्ल्यातली गोष्ट. बरीच वर्षे झाली. मे महिन्याची सुटी होती. दहा-बारा मुलामुलींनी मिळून एक एकांकिका बसवली. दहावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलीची शाळा घरचे बंद करतात, एवढीच तिची गोष्ट. पोरांनीच लिहिलेली, भाषा घरातली, अर्धी मराठी अर्धी दखनी. एका शाळेच्या सभागृहात तालमी चालायच्या. प्रयोगाच्या चार दिवस आधी मोहल्ल्यातली काही वजनदार माणसे आली. नाटकात समाजाची बदनामी आहे, म्हणाले. बैठक झाली. संहिता वाचली आहे का, असे एका पोराने विचारले. कुणीच वाचली नव्हती. तरी सभागृहाची परवानगी दुसऱ्या दिवशी रद्द झाली.

त्या बैठकीत मीही होतो. मी संहिता वाचली होती. त्यात बदनामी नाही, हे मला माहीत होते. मी गप्प बसलो. कशाला वाईटपणा घ्या, मुले लहान आहेत, पुढच्या वर्षी करतील, अशी माझी मी समजूत घातली. पुढच्या वर्षी कुणी केले नाही. जिने त्या मुलीची भूमिका केली होती, ती आता दोन मुलांची आई आहे. बाजारात भेटली की अजूनही विचारते, "चाचा, अपना वो नाटक कब?" माझ्याकडे उत्तर नसते.

भावना दुखावण्याचा हा रोग आपल्या एकट्या समाजाचा आहे असे मुळीच नाही. हबीब तन्वीर यांच्या 'पोंगा पंडित'वर हिंदुत्ववाद्यांनी हल्ले केले, तेव्हा आपण सगळ्यांनी निषेध केला आणि तो योग्यच होता. अमेरिकेतही हे चालते. २०१७ मध्ये याच डेलाकोर्टमध्ये 'ज्युलिअस सीझर' झाले. त्यातला सीझर त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यासारखा दिसत होता. राष्ट्राध्यक्षांच्या खुनाचे समर्थन करणारे नाटक, अशी हाकाटी झाली. डेल्टा विमान कंपनी आणि बँक ऑफ अमेरिका या प्रायोजकांनी अंग काढून घेतले. एका प्रयोगात निदर्शक रंगमंचावर चढले. गंमत अशी की ज्याने ते नाटक खरोखर वाचले आहे, त्याला त्यातला इशारा नेमका उलटा दिसतो. लोकशाही वाचवायला म्हणून खून केला तर लोकशाहीच मरते, हे सांगणारे ते नाटक आहे. देशातल्या इतर नाट्यसंस्थांनाही, केवळ नावात शेक्सपिअर आहे म्हणून, धमक्या आल्या. न वाचता विरोध करणाऱ्यांचा देश वेगळा असतो, जात एकच असते. पण तिथे निदर्शकांना बाहेर नेल्यावर नाटक जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. आमच्या सभागृहाचे कुलूप उघडलेच नाही.

म्हणजे तिथे सगळे आलबेल आहे असे म्हणावे का? नाही. फुकट नाटकही पूर्णपणे फुकट नसते. सकाळी सहा ते दुपारी बारा रांगेत बसायला रिकामी सकाळ लागते. भाच्याने त्या दिवशी रजा टाकली होती. घरकाम करणारी बाई, टॅक्सी चालवणारा माणूस एक दिवसाची कमाई सोडून कसा येणार? मोठी देणगी देणाऱ्यांसाठी जागा राखीव असतात. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत बसणारे लोकही तयार झाले. संस्थेने यावर उपाय काढले. ऑनलाइन सोडत सुरू केली, शहराच्या इतर भागांतही तिकिटे वाटली. प्रश्न थोडा सुटला, सगळा नाही. दार उघडे असले तरी दारापर्यंत पोचायची ऐपत सर्वांकडे सारखी नसते, हे आपल्याकडच्या शाळा-दवाखान्यांवरूनही आपल्याला ठाऊक आहे.

या अडचणीवरचे सर्वांत चांगले उत्तर २०१३ मध्ये सापडले असे मला वाटते. पॅपच्याच पब्लिक थिएटरने 'पब्लिक वर्क्स' हा उपक्रम सुरू केला. त्यांनी शहरातल्या सामाजिक संस्थांशी नाते जोडले. घरकामगारांची संघटना, तुरुंगातून सुटलेल्यांना आधार देणारी संस्था, मुलांसाठी काम करणारी मंडळे, ज्येष्ठ नागरिक जिथे जमतात ती केंद्रे. या लोकांसाठी वर्षभर नाट्यवर्ग घेतले. उन्हाळा संपता संपता डेलाकोर्टच्या रंगमंचावर 'द टेम्पेस्ट' झाले, त्यात सुमारे दोनशे नागरिक उभे होते आणि सोबत मोजके व्यावसायिक नट. ज्या बाईला रांगेत बसायला सवड नव्हती, ती आता रंगमंचावर होती. तिला पाहायला तिची मुले, शेजारी, सगळी चाळ आली. समाजासाठी कार्यक्रम करणे आणि समाजाने कार्यक्रम करणे यात किती फरक आहे, ते इथे दिसते. शिवाय संस्थेची एक फिरती तुकडी आहे. ती तुरुंगांत, निवाऱ्यांत, वस्तीकेंद्रांत नाटक घेऊन जाते. पॅपच्या ट्रकचीच ती पुढची पिढी.

दीड-दोन वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेलाकोर्ट पुन्हा उघडले. अपंगांना सहज येता-जाता यावे अशी रचना केली आहे आणि बाहेरच्या भिंतींना शहरातल्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचे लाकूड लावले आहे. पहिले नाटक 'ट्वेल्फ्थ नाइट', दिग्दर्शक केनियात जन्मलेले साहीम अली. जहाज फुटून परक्या किनाऱ्याला लागलेल्या जुळ्या भावंडांची ती गोष्ट. ती कामे ल्युपिटा न्योंगो आणि त्यांचा सख्खा भाऊ ज्युनिअर यांनी केली, आणि ही भावंडे नाटकात स्वाहिलीही बोलली. स्थलांतरितांना हाकलण्याच्या घोषणांनी देश दणाणत असताना सर्वांसाठीच्या रंगमंचावर शेक्सपिअर स्वाहिलीत बोलतो, ही साधी बाब नाही.

कुणी म्हणेल, त्यांचा शेक्सपिअर त्यांना लखलाभ, आपला काय संबंध? संबंध जुना आहे. देवलांनी ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' लिहिले ते १८९० मध्ये. आगा हश्र काश्मिरी यांनी राजा लिअरचे 'सफेद खून' केले आणि पारशी नाटक मंडळ्यांच्या काळात उर्दू शेक्सपिअर गावोगाव फिरला. आपल्या आजोबांनी तो तिकीट काढून पाहिला.

आणखी जवळचे उदाहरण इब्राहिम अल्काझी यांचे. १९२५ साली पुण्यात, अरब व्यापारी घराण्यात जन्म. घरात अरबी, रस्त्यावर मराठी, शाळेत इंग्रजी. डेलाकोर्ट उघडले त्याच १९६२ मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. पुढच्या वर्षी त्यांनी फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत महाभारतावरचे 'अंधा युग' उभे केले. १९७४ मध्ये पुराना किल्ल्यात कर्नाडांचे 'तुघलक' केले. मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यात महाभारत, आणि मुसलमान सुलतानाची कठोर चिकित्सा करणारे नाटक मुसलमान दिग्दर्शकाकडून. भावना दुखवायच्याच म्हटल्या तर दोन्हींत भरपूर वाव होता. पण त्या प्रयोगांनी भारतीय रंगभूमी मोठी केली. बार्शीच्या मेहबूब पटेलने शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्र पेटवला, तोही उघड्या मैदानांतच. तेव्हा नाटक, गाणे, मैदान हे आपले नाही असे जे आपल्याला सांगतात, त्यांना आपलाच इतिहास माहीत नाही.

मग करायचे काय? न्यूयॉर्कएवढा पैसा आपल्याकडे नाही, आणि त्याची गरजही नाही. पॅपने सुरुवात चर्चच्या सभागृहात केली होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शाळांची पटांगणे ओस असतात. पोरे मोबाइलवर असतात, मुली घरात. प्रत्येक तालुक्याच्या गावात सुटीत आठ दिवसांचे नाट्यशिबिर आणि शेवटी मैदानात एक प्रयोग, एवढे जमायला हरकत नाही. प्रयोग संध्याकाळी लवकर ठेवावा, म्हणजे बायका-मुलींना परतताना अडचण नको. तिकीट ठेवू नये. सगळ्या जातीधर्मांच्या वस्त्यांतून मुले घ्यावीत आणि मोठ्यांनाही छोटी कामे द्यावीत. आज जो आक्षेप घ्यायला येतो, त्याच्याच नातवाला रंगमंचावर उभे करावे. आक्षेप आलाच तर नियम एकच ठेवावा: आधी संहिता वाचा, मग प्रयोग पाहा, मग त्याच रंगमंचावर येऊन बोला. बोलायचा हक्क सर्वांना, कुलूप लावायचा कुणालाच नाही.

यासाठी सर्वांत जास्त जबाबदारी माझ्यासारख्यांची आहे. विरोध करणारे नेहमी थोडेच असतात. खोली भरलेली असते ती गप्प बसणाऱ्यांनी. पॅपला एक-दोन डॉलरचे तिकीट मान्य करून वाईटपणा टाळता आला असता. त्याने तो टाळला नाही, म्हणून पस्तीस वर्षे एक शिक्षिका दर उन्हाळ्यात सतरंजी घेऊन रांगेत बसू शकली.

गेल्या आठवड्यात मी त्या एकांकिकेची जुनी वही शोधून काढली. झेरॉक्सची शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. येत्या सुटीत ती पुन्हा बसवायची असे आम्ही काहीजणांनी ठरवले आहे. सभागृह मिळाले नाही तर मैदान आहे. या वेळी बैठक बोलावली गेली तर मी बोलणार आहे. बाजारात ती भेटली की तिला तारीख सांगायची आहे.